'का'मधून 'क' कापून दाखवा! आपण बोललेलं नेमकं ऐकतो तरी कसं?

मोबाईलवर तुमच्याच आवाजात 'का' एवढंच रेकॉर्ड करा. मग आवाज कापायच्या कुठल्याही ॲपमध्ये ते उघडा आणि मागचा 'आ' कापून टाका. आता नुसता 'क्' उरायला हवा, बरोबर?

वाजवून बघा. बहुतेक वेळा फक्त 'टक्' असा खटका किंवा बारीकशी फुसफुस ऐकू येईल. तो 'क' आहे हे कुणाला सांगितल्याशिवाय कळणारही नाही. थोडा जास्त भाग ठेवलात, तर लगेच अख्खा 'का' ऐकू येतो. म्हणजे एकतर स्वरासकट व्यंजन मिळतं, नाहीतर नुसता खटका. सुटा 'क्' काही हाती लागत नाही.

शाळेत आपण शिकलो, क् + आ = का. लिहिण्यासाठी ते अगदी बरोबर आहे. पण तोंडातून निघणाऱ्या आवाजात ही बेरीज तशी होत नाही. व्यंजनाची ओळख पटवणारी बरीचशी माहिती त्याच्या शेजारच्या स्वरात मिसळलेली असते. व्यंजनाकडून स्वराकडे जाताना आवाज ज्या वळणाने जातो, त्या वळणात ती असते.

हे कोडं नुसतं गमतीचं नाही. घरातले आजी-आजोबा 'ऐकू येतं रे, पण कळत नाही' असं का म्हणतात, याचं उत्तरही त्यातच आहे.

अंधांसाठीचं यंत्र फसलं, आणि शोध लागला

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. युद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना पुस्तकं वाचता यावीत, म्हणून एक यंत्र बनवायचं ठरलं. १९४४ मध्ये हे काम न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स लॅबोरेटरीजकडे आलं. फ्रँकलिन कूपर आणि मानसशास्त्रज्ञ ॲल्विन लिबरमन ही त्यातली प्रमुख माणसं.

कल्पना सोपी होती. यंत्राने छापील पानावरून सरकायचं आणि प्रत्येक अक्षरासाठी एक वेगळा सूर वाजवायचा. माणसं सरावाने ते सूर ओळखायला शिकतील आणि कानांनी वाचतील.

पण तसं झालं नाही. नाना तऱ्हेचे सूर वापरून पाहिले, तरी वाचनाचा वेग मोर्स कोडच्या पुढे जाईना. वेग वाढवला की सूर एकमेकांत मिसळायचे आणि नुसती घरघर ऐकू यायची.

इथेच प्रश्न उभा राहिला. साध्या गप्पांमध्ये आपण सेकंदाला १० ते १५ ध्वनी सहज बोलतो आणि ऐकणाऱ्याला ते सहज कळतात. मग त्याच वेगाने वाजवलेले सूर कानाला का झेपत नाहीत?

उत्तर असं निघालं की बोलणं म्हणजे दोऱ्यात ओवलेले सुटे मणी नाहीत. ध्वनी एकापाठोपाठ एक येत नाहीत, ते एकमेकांवर चढलेले असतात. एकाच क्षणी कानाला दोन-दोन ध्वनींची माहिती मिळत असते. म्हणूनच तो वेग झेपतो.

तोंड आधीच तयारीला लागतं

हे स्वतःवर तपासता येतं. आरशासमोर उभे राहा. 'किल्ला' म्हणायची तयारी करा, पण आवाज काढायच्या आधी थांबा. आता 'कुत्रा' म्हणायची तयारी करा आणि तसेच थांबा.

'कुत्रा'च्या वेळी 'क' म्हणायच्या आधीच ओठांचा चंबू झालेला असतो, कारण पुढे 'उ' येणार आहे. जिभेचंही तसंच. 'कि' म्हणताना ती टाळूला थोडी पुढे टेकते, 'कु' म्हणताना थोडी मागे. म्हणजे लिहिताना 'क' एकच असला, तरी तोंडातला 'क' प्रत्येक वेळी वेगळा असतो.

जीभ, ओठ, जबडा हे सगळे स्नायूंनी हलणारे अवयव आहेत. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला त्यांना वेळ लागतो. म्हणून एक ध्वनी चालू असतानाच पुढच्याची तयारी होते. हा आळस नाही. असं झालं नाही, तर आपल्याला एवढ्या वेगाने बोलताच येणार नाही.

हंडा भरल्याचं न बघता कसं कळतं?

नळाखाली हंडा लावून तुम्ही दुसऱ्या कामाला गेलात, तरी तो भरत आला की आवाजावरून कळतं. पाणी वर येतं तशी आतली रिकामी जागा कमी होते आणि आवाज चढत जातो.

आपलं तोंडही तशीच एक पोकळी आहे. गळ्यातून आवाज निघतो आणि जीभ-ओठ पोकळीचा आकार बदलतात. आकारानुसार आवाजातल्या काही ठरावीक पट्ट्या जास्त घुमतात. या पट्ट्यांना 'फॉर्मंट' म्हणतात. 'आ', 'ई', 'ऊ' यांतला फरक मुख्यतः पहिल्या दोन फॉर्मंटमुळे कळतो.

आता 'बा' म्हणा. ओठ मिटलेले होते, ते उघडले आणि तोंड 'आ'च्या आकारात आलं. या काळात फॉर्मंट सरकतात. हे सरकणं साधारण ५० मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या विसाव्या भागात संपतं. यालाच व्यंजन ते स्वर असं संक्रमण म्हणतात. तेवढ्यावरून कान ओळखतो की तोंड ओठांपाशी बंद होतं, दातांपाशी की मागे टाळूपाशी.

आवाज रंगवून वाजवणारं यंत्र

हे सिद्ध करायला कूपर यांनी एक भन्नाट यंत्र बनवलं, त्याचं नाव 'पॅटर्न प्लेबॅक'. पारदर्शक पट्टीवर ब्रशने फॉर्मंटच्या रेघा रंगवायच्या आणि यंत्र प्रकाशाच्या मदतीने त्या रेघांचा आवाज करून ऐकवायचं. रेघ थोडी वाकवली की आवाज बदलायचा.

त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या.

पहिली, १९५२ ची. १४४० हर्ट्झचा एकच छोटा खटका वेगवेगळ्या स्वरांच्या आधी जोडला. 'ई' आणि 'ऊ'च्या आधी लोकांना तो 'प' ऐकू आला. तोच खटका 'आ'च्या आधी लावला, तर 'क'! खटका तोच, व्यंजन वेगळं.

दुसरी याच्या उलट. इंग्रजीतल्या 'डी' आणि 'डू' या उच्चारांत आपल्याला 'ड' सारखाच वाटतो. पण 'डी'मध्ये दुसरा फॉर्मंट साधारण २२०० हर्ट्झवरून २६०० कडे चढतो, तर 'डू'मध्ये १२०० वरून ७०० कडे उतरतो. एक चढण, एक उतार, तरी कान दोन्हीला 'ड'च म्हणतो. हे सुरुवातीचे तुकडे सुटे वाजवले तर पक्ष्याच्या शिटीसारखे वाटतात, 'ड' सारखे मुळीच नाही.

तिसरी, १९५७ ची. फॉर्मंटची सुरुवात थोडी-थोडी बदलत १४ आवाज बनवले. एका टोकाला 'बे', मध्ये 'डे', दुसऱ्या टोकाला 'गे'. आवाज हळूहळू बदलत होता, पण ऐकणाऱ्यांना तो हळूहळू बदलताना जाणवला नाही. काही आवाजांपर्यंत 'बे', मग एकदम 'डे', मग एकदम 'गे'. म्हणजे मेंदू नुसता आवाज मोजत नाही, तो आवाजाला लगेच एखाद्या खणात टाकतो.

मराठी कानांची करामत

तार, थार, दार, धार. चारही शब्दांत जीभ दातांपाशीच टेकते. मग फरक कशाचा?

मुख्य फरक आहे वेळेचा. 'त'मध्ये जीभ सुटल्यावर गळ्यातला आवाज जवळजवळ लगेच सुरू होतो. 'थ'मध्ये आधी श्वास बाहेर पडतो आणि मग आवाज येतो. 'द'मध्ये जीभ सुटायच्या आधीच गळा वाजायला लागलेला असतो. 'ध'मध्ये तसं होऊन वर श्वासाची भर पडते.

लेह लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषांमध्ये ही वेळ मोजली. त्यात मराठीही होती. बऱ्याच भाषांचं काम या एका मापाने भागलं. पण मराठी आणि हिंदीतले 'द' आणि 'ध' त्या मापाने वेगळे करता येईनात, कारण दोन्हींत गळा आधीच वाजत असतो. खरा फरक असतो जीभ सुटल्यानंतर, स्वराच्या सुरुवातीला मिसळलेल्या श्वासात.

दुसरी गंमत. 'मला' आणि 'मळा' हे दोन शब्द हळू म्हणून बघा. 'ळ'साठी जीभ मागे वळते आणि तिचा परिणाम 'ळ'च्या आधीच्या 'म'मधल्या 'अ'वरच होऊ लागतो. पण सुटताना जीभ पुढे आलेली असते, त्यामुळे पुढच्या स्वरात खूण तेवढी ठळक राहत नाही. म्हणजे 'ळ' आणि 'ण' ओळखायला आधीचा स्वर फार उपयोगाचा.

आता आठवून बघा, 'ळ' किंवा 'ण'ने सुरू होणारा रोजच्या वापरातला एक तरी मराठी शब्द सापडतो का? शब्दाच्या सुरुवातीला आधी स्वरच नसतो, मग खूण कुठे उमटणार? असे ध्वनी जगातल्या अनेक भाषांत सुरुवातीची जागा का टाळतात, याचं एक कारण ध्वनिशास्त्रज्ञ हेच देतात. 'ट' आणि 'ड' मात्र सुरुवातीला चालतात. जीभ सुटतानाचा खटका त्यांच्या मदतीला असतो.

डोळेही ऐकतात

१९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्हिडिओत ओठ 'गा' म्हणत होते, पण आवाज लावला होता 'बा'चा. बघणाऱ्या बहुतेकांना ऐकू आलं 'डा'! डोळे मिटले की पुन्हा 'बा'. व्यंजन ओळखताना मेंदू कानांबरोबर ओठांकडेही लक्ष देतो. 'मॅकगर्क इफेक्ट' नावाने याचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, नक्की बघा.

त्याच वर्षी अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी छापील मजकूर मोठ्याने वाचणारं यंत्र लोकांसमोर आणलं. ते अक्षरांसाठी सूर वाजवत नव्हतं, सरळ शब्द बोलत होतं. पुढे बोलणारी यंत्रं बनवताना एक युक्ती खूप वापरली गेली. रेकॉर्डिंगचे तुकडे दोन ध्वनींच्या सीमेवर न कापता स्वराच्या मधोमध कापायचे, म्हणजे व्यंजनापासून स्वरापर्यंतचं वळण शाबूत राहतं. आज अनेक अंध व्यक्ती फोनचा स्क्रीन रीडर सफाईने वापरतात, त्यामागे ही सगळी वाटचाल आहे.

'ऐकू येतं, पण कळत नाही'

आता आजी-आजोबांकडे येऊ. वयानुसार ऐकू कमी येऊ लागतं, तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स्वर जोरकस असतात, त्यांची बरीच ताकद खालच्या पट्टीत असते, म्हणून ते ऐकू येत राहतात. व्यंजनांचे खटके आणि दुसऱ्या फॉर्मंटची वळणं मात्र वरच्या पट्टीत, क्षीण आणि क्षणभराची असतात. तीच आधी निसटतात.

पाट, ताट, खाट, घाट. चारही शब्दांतला 'आ' आजोबांना स्वच्छ ऐकू येतो. कोणीतरी काहीतरी बोललं, हे त्यांना कळतं. पण काय मागितलं, ते कळत नाही. आपल्याला वाटतं, यांचं लक्ष नाही किंवा हवं तेवढंच ऐकतात. तसं नसतं.

आपण मग ओरडतो. ओरडल्याने मुख्यतः स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढी स्पष्ट होत नाहीत. वर समोरच्याला आपण चिडलोय असं वाटतं ते वेगळंच.

त्यापेक्षा हे करून बघा. टीव्ही बंद करा. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, म्हणजे ओठ दिसतील. सावकाश बोला, शब्द गिळू नका. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगा. आणि कानांची तपासणी नक्की करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास याच कामासाठी आहे. इतर ठिकाणी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा ऑडिओलॉजिस्ट हे काम करतात.

सेकंदाच्या विसाव्या भागातलं वळण निसटलं, की 'ताट'चं 'पाट' होतं. ते वळण पकडायला समोरच्याला मदत करायची, तर आवाज चढवण्यापेक्षा वेग कमी करणं आणि समोर येऊन बोलणं जास्त कामाचं.