कागदावरचा कॉम्प्युटर

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी एखादा बंद पडलेला रेडिओ किंवा बिघडलेलं घड्याळ आहे? आणि कितीजणांनी ते उघडून पाहिलंय? उघडलेलं परत जोडता आलं नाही म्हणून आईची बोलणी खाल्लेलेही तुमच्यात बरेच असतील. ‘अभ्यास सोडून या नसत्या खटपटी कशाला?’ हे वाक्य तर पाठच झालं असेल!

आज अशाच एका खटपट्या मुलाची खरीखुरी गोष्ट सांगणार आहे. त्याचं शिक्षण सलग झालंच नाही. एक वर्ष या कॉलेजात, एक वर्ष त्या कॉलेजात, मग नोकरी, पुन्हा कॉलेज, पुन्हा नोकरी... दिवसा पोटापाण्याचं काम आणि रात्री आपली खटपट. पदवी हातात पडली तेव्हा त्याने पस्तिशी गाठली होती आणि तोवर त्याने बनवलेले कॉम्प्युटर देशोदेशी पोचलेले होते. पण या गोष्टीतली खरी गंमत वेगळीच आहे. कॉम्प्युटर बनवायला तो शिकला, तेव्हा त्याच्याजवळ कॉम्प्युटर नव्हताच. होते फक्त कागद आणि पेन्सिल!

या मुलाचं नाव स्टीव्ह वॉझनियाक. जन्म ११ ऑगस्ट १९५०, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधला. वडील इंजिनिअर. छोटा स्टीव्ह काही विचारायचा तेव्हा वडील ‘मोठा झालास की कळेल’ असं म्हणून त्याला वाटेला लावत नसत. रेझिस्टर म्हणजे काय हे सांगायचं, तर ते आधी अणू आणि इलेक्ट्रॉनपासून सुरुवात करत. पाया पक्का झाला की मगच पुढची पायरी. आठवीत असताना स्टीव्हने विज्ञान स्पर्धेसाठी बेरीज-वजाबाकी करणारं एक यंत्र बनवलं. त्यात सुमारे शंभर ट्रान्झिस्टर, दोनशे डायोड आणि दोनशे रेझिस्टर होते. स्पर्धेत बारावीपर्यंतची मुलं होती, तरी पहिलं बक्षीस या आठवीतल्या पोराने पटकावलं.

घराच्या किमतीचं यंत्र

हायस्कूलमध्ये त्याला मॅककॉलम नावाचे इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षक भेटले. या मुलाला शाळेत शिकवण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी काय केलं? आठवड्यातून एक दिवस त्याला एका कंपनीत पाठवण्याची व्यवस्था केली. तिथे खराखुरा कॉम्प्युटर होता आणि स्टीव्हला त्यावर प्रोग्रॅम लिहायची मुभा होती. तिथेच एके दिवशी त्याच्या हाती एक माहितीपुस्तक पडलं. ‘पीडीपी-८’ नावाचा त्या काळातला ‘छोटा’ कॉम्प्युटर आतून कसा चालतो, ते त्यात लिहिलेलं होतं. छोटा म्हणजे केवढा? एखाद्या कपाटाएवढा!

स्टीव्हला नवाच खेळ सापडला. कॉम्प्युटरची माहितीपुस्तकं मिळवायची, चिप बनवणाऱ्या कंपन्यांची सूचिपत्रं मिळवायची, खोलीचं दार लावून घ्यायचं आणि तो कॉम्प्युटर आपण बनवला असता तर कसा बनवला असता, याचा संपूर्ण आराखडा कागदावर काढायचा. आराखडा पूर्ण झाला, की त्यात किती चिप्स लागल्या ते मोजायचं. मग पुन्हा नवा कागद! हेच काम त्याहून कमी चिप्समध्ये होईल का? बाजारात नवीन चिप आली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यातला एकही कॉम्प्युटर त्याने प्रत्यक्षात बनवला नाही. बनवणार कसा? चिप्स घ्यायला पैसेच नव्हते! वडिलांना तो एकदा म्हणाला, की एक ना एक दिवस माझा स्वतःचा कॉम्प्युटर असेल. वडील म्हणाले, अरे, त्याची किंमत एका घराएवढी आहे. त्यावर चिरंजीवांचं उत्तर तयार होतं. मग मी स्वतःचं घर न घेता भाड्याच्या जागेत राहीन!

थोडं कॉलेज, थोडी नोकरी

१९६८ साली स्टीव्ह कोलोरॅडो विद्यापीठात दाखल झाला. तिथल्या कॉम्प्युटरवर त्याने आकड्यांचे लांबच लांब तक्ते छापणारे प्रोग्रॅम चालवले. तेव्हा कॉम्प्युटरच्या वेळेचे पैसे मोजले जात. या पठ्ठ्याने वर्गासाठी ठरलेल्या खर्चाच्या पाचपट वेळ एकट्यानेच खाल्ली! ते बिल आपल्या घरी जाईल की काय, या धास्तीने त्याची झोप उडाली. शिवाय घरापासून दूरच्या त्या विद्यापीठाची फीही जड होती. वर्षभरातच तो परतला आणि घराजवळच्या कॉलेजात जाऊ लागला.

पुढच्या शिक्षणासाठी पैसे जमवायचे म्हणून नंतर त्याने एक वर्ष शिक्षण थांबवलं आणि प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी धरली. नोकरीच्या ठिकाणी कुणीतरी विचारलं, ‘तुझ्या त्या कागदावरच्या कॉम्प्युटरसाठी चिप्स हव्यात का?’ हव्यात का म्हणजे काय! शेजारच्या बिल फर्नांडिस नावाच्या मित्राच्या गॅरेजमध्ये दोघांनी कामाला सुरुवात केली. काम करता करता क्रीम सोड्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या व्हायच्या. रिकाम्या बाटल्या सायकलवरून दुकानात परत करायच्या आणि आलेल्या पैशांतून पुन्हा सोडा आणायचा. म्हणून त्या यंत्राचं नावच पडलं ‘क्रीम सोडा कॉम्प्युटर’. त्याची स्मृती होती फक्त २५६ बाइट, म्हणजे या लेखातल्या दोन-तीन ओळीही त्यात मावल्या नसत्या. एक पत्रकार ते यंत्र बघायला आला आणि नेमका त्याच वेळी त्यातून धूर निघाला!

धूर निघाला म्हणून स्टीव्ह काही खचला नाही. आराखडा बरोबर होता, हे त्याला कळलं होतं. १९७१ मध्ये तो बर्कली इथल्या विद्यापीठात शिकायला गेला. पण पदवीला एक वर्ष उरलेलं असताना, १९७३ मध्ये, पुन्हा नोकरी! ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत कॅल्क्युलेटरचे आराखडे करण्याचं काम मिळालं. एवढी आवडीची नोकरी कोण सोडणार? उरलेलं वर्ष नंतर पूर्ण करू, असं म्हणून पुस्तकं बाजूला पडली.

आता त्याचा दिवस कसा असायचा, ते ऐका. बाकीचे यायच्या आधी, भल्या सकाळी ऑफिसात हजर. तेव्हा शांतपणे इंजिनिअरिंगची मासिकं आणि चिप्सची माहितीपुस्तकं वाचायची. दिवसभर कॅल्क्युलेटरचं काम. संध्याकाळी घरी जाऊन चार घास पोटात ढकलायचे आणि पुन्हा ऑफिस! त्याच टेबलावर रात्री स्वतःच्या वस्तू मांडायच्या, सोल्डरिंग करत बसायचं. याशिवाय घरी त्याने फोनला एक यंत्र जोडून ठेवलं होतं. कुणीही फोन करावा आणि एक विनोद ऐकावा!

पावसाळी संध्याकाळ

५ मार्च १९७५. बाहेर पाऊस पडत होता. मेन्लो पार्क गावातल्या एका गॅरेजमध्ये तीसेक हौशी मंडळी जमली होती. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची ती पहिली बैठक. जो तो ‘अल्टेअर’ नावाच्या नव्या यंत्राविषयी बोलत होता. साधारण चारशे डॉलरला सुटे भाग मिळायचे, ते आपण जोडायचे आणि पुढच्या बाजूची बटणं खालीवर करून यंत्राला सूचना द्यायच्या. उत्तर मिळायचं ते लुकलुकणाऱ्या दिव्यांतून.

स्टीव्ह मुळातच लाजराबुजरा. तो कोपऱ्यात गप्प बसून होता. ‘मायक्रोप्रोसेसर’ या चिपविषयी सगळे बोलत होते आणि आपल्याला त्यातलं काहीच माहीत नाही, असं वाटून तो अगदी ओशाळला. निघताना मात्र त्याने अशा एका चिपचा माहितीचा कागद सोबत घेतला. रात्री घरी तो उलगडून वाचू लागला आणि चकितच झाला! ही आकडा उचलायची सूचना, ही बेरीज करायची, ही परत ठेवायची... अरे, हा तर आपला जुना मित्र! शाळेत असताना खोलीचं दार लावून कागदावर जो कॉम्प्युटर आपण पुन्हा पुन्हा काढला, त्याचाच मेंदू आता एका चिपमध्ये बसला होता.

त्याच रात्री त्याने नव्या यंत्राचा पहिला आराखडा काढायला घेतला. चिप परवडणं हा प्रश्न होताच. नामवंत कंपनीची चिप शेकडो डॉलरला होती. मग ‘६५०२’ नावाची एक नवी चिप वीस डॉलरला मिळाली, ती त्याने घेतली. बटणं आणि दिव्यांऐवजी त्याने टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणि घरचा साधा टीव्ही जोडायचं ठरवलं. अखेर एके दिवशी त्याने कीबोर्डवरची अक्षरं दाबली आणि ती समोर टीव्हीच्या पडद्यावर उमटली! आज आपल्याला त्यात विशेष वाटत नाही. तेव्हा मात्र घरगुती बनावटीच्या यंत्रावर असं काही पाहायलाच मिळत नसे.

त्या यंत्रासाठी बेसिक ही भाषाही त्यानेच तयार केली. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वेळ विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून ती कशी लिहिली? वहीत, हाताने! पुन्हा आपले कागद आणि पेन्सिलच.

हे आराखडे तो क्लबात फुकट वाटत असे. पण त्याचा नावबंधू मित्र स्टीव्ह जॉब्ज म्हणाला, की लोकांना जोडत बसायला वेळ कुठे आहे? आपण ते तयार करून विकू. भांडवलासाठी एकाने आपला भारी कॅल्क्युलेटर विकला, दुसऱ्याने आपली गाडी. १ एप्रिल १९७६ रोजी ‘अ‍ॅपल’ कंपनी सुरू झाली. पहिल्या यंत्राची किंमत ६६६.६६ डॉलर. का? तर आपल्या स्टीव्हला एकच आकडा पुन्हा पुन्हा आलेला आवडायचा! १९७७ मध्ये आलेला ‘अ‍ॅपल-२’ तर रंगीत चित्रंही दाखवत असे. कमीत कमी चिप्स वापरणं हे त्याच्या यंत्रांचं वैशिष्ट्य. ती सवय कुठून आली, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पैसे नसताना कागदावर एकेक चिप वाचवण्याचा जो खेळ तो खेळला, तिथून!

राहिलेलं एक वर्ष

आणि पदवीचं काय झालं? फेब्रुवारी १९८१ मध्ये स्टीव्ह चालवत असलेलं छोटं विमान कोसळलं. जिवावरचं दुखणं बेतलं. काही आठवडे त्याला रोजच्या नव्या गोष्टी लक्षातच राहत नव्हत्या. त्यातून बरा झाल्यावर त्याने ठरवलं, की राहिलेलं शिक्षण आता पुरं करायचं. पैसा, नाव, सगळं मिळालेलं असताना तो बर्कलीला परत गेला आणि वर्गात बाकावर बसला. लोकांनी ओळखू नये म्हणून नाव घेतलं ‘रॉकी क्लार्क’. त्यातलं ‘रॉकी’ हे त्याच्या कुत्र्याचं नाव होतं, बरं का! १९८६ मध्ये त्याने पदवी पूर्ण केली. पुढे त्याने बरीच वर्षं पाचवीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवला. लहानपणी त्याने ठरवलंच होतं, की आधी इंजिनिअर व्हायचं आणि मग पाचवीचा शिक्षक.

तेव्हा दोस्तांनो, ‘माझ्याकडे चांगला कॉम्प्युटर नाही, मी काय शिकणार?’ असं वाटलं तर हा कागदावरचा कॉम्प्युटर आठवा. आणि पालकांनो, तुमच्या घरातला खटपट्या काही विचारायला आला, तर वडिलांनी सांगितलेली ती अणू-इलेक्ट्रॉनची गोष्ट आठवा.

करून पाहा

कागदावरची सुरुवात तुम्हाला आजच करता येईल. दोन बटणं घ्या, अ आणि ब. दाबलेलं बटण म्हणजे १, न दाबलेलं म्हणजे ०. कॉम्प्युटरला एवढे दोनच अंक येतात. त्यामुळे त्याच्या भाषेत १ + १ = १०. म्हणजे उजवीकडे ०, आणि हातचा १.

हातच्याचा दिवा सोपा आहे. सेल, बल्ब आणि दोन्ही बटणं एकामागोमाग एकाच तारेत जोडली, की दोन्ही दाबल्याशिवाय बल्ब लागणार नाही. उजवीकडच्या अंकाचा दिवा तुम्ही रोज पाहता! जिन्यातला दिवा आठवा. एक बटण खाली, एक वर. कुठलंही एक दाबलं की दिवा लागतो, दुसरंही दाबलं की विझतो. हे दोन दिवे एकत्र केले, की तयार झालं बेरीज करणारं यंत्र.

आधी कागदावर आकृती काढा. मग टॉर्चचा सेल आणि छोटा बल्ब घेऊन जोडून पाहा. घरातल्या विजेच्या बोर्डाला मात्र अजिबात हात लावायचा नाही! एकअंकी बेरीज जमली, की दोनअंकी बेरजेची आकृती काढून पाहा. किती बटणं लागली, ते मोजा. आणि मग नवा कागद घ्या. त्याहून कमी बटणांत जमेल का?