दाराचा गल्ला, बारचा गल्ला

(मनोरंजनाचा धंदा : भाग सातवा)

गेल्या आठवड्यात तमाशाच्या फडाचा हिशेब पाहिला. सुपारी घेऊन केलेला खेळ आणि तिकिटावर लावलेला खेळ, यांत जोखीम कुणाच्या माथी बसते, हा तिथला खरा प्रश्न होता. नाइटक्लबमध्येही प्रश्न तोच, फक्त गल्ले दोन असतात. एक दारावरचा, प्रवेशाच्या पैशांचा. दुसरा आतला, बारचा. गर्दी दारावर दिसते, म्हणून क्लब काढायचं स्वप्न पाहणाऱ्याचं लक्षही तिथेच असतं. पण इमारतीचं भाडं, वीज, नोकरांचे पगार हे सगळं बार भरतो.

या धंद्यात शिरायची शहाणी वाट एकच आहे आणि ती जुनी आहे : क्लब काढू नका, आधी ‘नाइट’ चालवा. म्हणजे दुसऱ्याच्या क्लबात, त्याची ओस पडलेली एखादी बुधवारची रात्र मागून घ्यायची, आपलं संगीत, आपले डीजे, आपलं पोस्टर. साधारण सौदा असा असतो की दार आयोजकाचं, बार मालकाचा. समजा, 150 माणसं 500 रुपये देऊन आली, तर आयोजकाच्या हाती 75,000 रुपये येतात. त्यातून डीजेची सुपारी, जादा ध्वनियंत्रणा, जाहिरात आणि दारावरची माणसं भागवायची. उरलं तर आपलं. मुरलेला मालक मात्र बारची किमान विक्री आयोजकाकडून लिहून घेतो. तेवढी झाली नाही, तर फरक आयोजकाने भरायचा. हे कलम न वाचता सही करणारे पुष्कळ आहेत. दुसरी गळती पाहुण्यांच्या यादीतून होते. मित्र, मित्रांचे मित्र आणि डीजेचे मावसभाऊ फुकट आत शिरले की 150 ची गर्दी दिसते आणि गल्ल्यात मात्र 90 जणांचे पैसे निघतात.

ही वाट मँचेस्टरच्या काही मंडळींनी अगदी बरोबर धरली होती, आणि मग सोडली. त्यांची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

1978 साली ग्रॅनाडा टेलिव्हिजनवरचा निवेदक टोनी विल्सन आणि त्याचा मित्र ॲलन इरॅस्मस यांनी ह्यूम भागातल्या रसेल क्लबमध्ये ‘द फॅक्टरी’ नावाच्या रात्री सुरू केल्या. हा क्लब मुळात बस कामगारांचा. पीटर सॅव्हिल या तरुण ग्राफिक डिझायनरने पोस्टर केलं. ते इतकं देखणं झालं की आज संग्रहालयात जपतात, आणि इतकं उशिरा झालं की कार्यक्रमाच्या प्रचाराला ते उपयोगीच पडलं नाही. ‘जॉय डिव्हिजन’सारखे बँड तिथे वाजले. इमारत यांची नव्हती, बारही यांचा नव्हता. एखादी रात्र पडली, तर तेवढ्याच रात्रीचं नुकसान. या रात्रींमधूनच फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी उभी राहिली.

मग रॉब ग्रेटनच्या डोक्यात स्वतःच्या क्लबची कल्पना आली. हा फॅक्टरीच्याच ‘न्यू ऑर्डर’ बँडचा व्यवस्थापक. न्यूयॉर्कचे क्लब पाहून आला होता आणि असं काही आपल्या गावात हवं, असं त्याला वाटलं. पैसा फॅक्टरीचा आणि बँडचा. व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर पूर्वी यॉट विकत त्या दालनात 21 मे 1982 रोजी ‘हॅसिएंडा’ उघडला. सजावट बेन केलीची. नाचायच्या जागेत मधोमध लोखंडी खांब येत होते; ते झाकण्याऐवजी त्याने त्यांवर कारखान्यात धोक्याच्या जागी मारतात तसे पिवळे-काळे पट्टे ओढले. ते पट्टे पुढे अवघ्या ब्रिटिश क्लब संस्कृतीची खूण बनले.

देखणेपणावर खर्च झाला, ध्वनीचं काय? भव्य, उंच, कडक पृष्ठभागांचा तो हॉल आवाज घुमवून परत फेकायचा. डीजेची खोली तर सुरुवातीला अशा जागी होती की त्याला एका फटीतून नाचणाऱ्यांकडे पाहावं लागे. पुढे ती वर सज्जात हलवली. उद्घाटनाला बर्नार्ड मॅनिंग हा जुन्या वळणाचा विनोदवीर बोलावला होता. तो त्या तरुण गर्दीला रुचला नाही. माझ्या मते क्लब कुणासाठी आहे, हे ठरलेलं नसल्याचं ते पहिलं लक्षण होतं. कधी बँड, कधी नाच, कधी हे, कधी ते. 27 जानेवारी 1984 ला एका टीव्ही कार्यक्रमासाठी मॅडोना तिथे येऊन गेली, ब्रिटनमधला तिचा जवळपास पहिलाच कार्यक्रम. तरी एरवीच्या रात्री हॉल रिकामाच असे. ‘न्यू ऑर्डर’चं ‘ब्लू मंडे’ हे गाणं 1983 पासून जगभर धडाक्याने विकलं जात होतं आणि त्या पैशाचा मोठा हिस्सा या हॉलमध्ये मुरत होता. वादकांच्या हाती फार थोडं येई.

क्लब सावरला तो पुन्हा एका ‘नाइट’ने. माइक पिकरिंगच्या ‘न्यूड’ या शुक्रवारच्या रात्री 1986 च्या सुमारास शिकागोहून आलेल्या हाउस संगीतावर भरू लागल्या. 1988 च्या उन्हाळ्यात बुधवारी ‘हॉट’ आली. नाचायच्या जागेजवळ चक्क पोहण्याचा छोटा तलाव ठेवला होता. बाहेर रांगा लागल्या. हॅसिएंडा जगप्रसिद्ध झाला तो याच दिवसांत.

आणि नेमक्या याच दिवसांत बार आटला! त्या उन्हाळ्यात तरुणांच्या हाती एक्स्टसी ही नशेची गोळी आली. ती घेतलेल्याला बिअर नको असते, पाणी हवं असतं. हॉल तुडुंब, घामाने भिंती ओल्या, आणि गिऱ्हाईक नळाखाली बाटली धरून उभं. दारावरचा गल्ला भरतोय, आतला रिकामा. धंद्याचं सगळं गणित ज्या गल्ल्यावर बेतलेलं, तोच नेमका. पैसा क्लबात येत होता, पण तो गोळ्या विकणाऱ्यांच्या खिशात जात होता.

याचं दुसरं टोक दारावर होतं. तेव्हा ब्रिटनमध्ये दारावरच्या रखवालदारांना देशव्यापी परवाना लागत नसे. तो कायदा 2001 चा. दार ज्याच्या ताब्यात, त्यानेच आत कोण विकणार हे ठरवायचं, त्यामुळे मँचेस्टरच्या टोळ्यांची नजर दारांवर होती. जुलै 1989 मध्ये गोळी घेतलेल्या 16 वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. पोलिसांनी परवाना रद्द करण्याची मागणी केली, तेव्हा क्लबने जॉर्ज कार्मन हा लंडनचा नामांकित वकील उभा करून परवाना वाचवला. पण टोळ्यांची पिस्तुलं काही थांबली नाहीत. जानेवारी 1991 मध्ये मालकांनी स्वतःच दार लावलं, मे महिन्यात पुन्हा उघडलं. नोव्हेंबर 1992 मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्स बुडाली. शेवटची रात्र 28 जून 1997. आता त्या जागी फ्लॅट आहेत.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात क्लब काढणाऱ्याची यादी याहून लांब. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एफएल-3 हा दारूचा परवाना, पोलिसांचा परवाना, अग्निशमन दलाचा दाखला, अन्न परवाना, रेकॉर्ड वाजवण्यासाठी पीपीएल आणि गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस या संस्थांची परवानगी. कडक दारूसाठी वय 25, बिअरसाठी 21. वयाचा पुरावा दारावर पाहणं ही मालकाची जबाबदारी. मुंबईत बार रात्री दीडला बंद, म्हणजे बाराला आलेल्या गिऱ्हाइकाकडे प्यायला दीड तास. मँचेस्टरचा मालक तेव्हा दोनपर्यंत तरी चालवत होता. अग्निशमनाचा दाखला कागदापुरता ठेवला की काय होतं, ते मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीने 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री दाखवलं. 14 माणसं गेली. त्या खर्चात काटकसर करणाऱ्याने या धंद्यात येऊच नये.

‘न्यू ऑर्डर’चा बासवादक पीटर हुक याने 2009 मध्ये हॅसिएंडावर पुस्तक लिहिलं. त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ ‘क्लब कसा चालवू नये’ असा. पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, त्याने चार्ल्स स्ट्रीटवरच्या फॅक्टरीच्या जुन्या कचेरीत नवा क्लब उघडला. सजावट पुन्हा बेन केलीची. फरक एवढाच की या वेळी क्लब चालवणं हाच ज्याचा धंदा, असा भागीदार सोबत होता.