आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त कसे अभ्यासावेत? सिंधू जल करारावरून एक पाठ

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. आमच्या महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संबंध हा खुला ऐच्छिक विषय आहे आणि काही वर्षांपासून तो माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी मी परीक्षेत विचारले होते, ‘वास्तववाद व उदारमतवाद यांतील फरक स्पष्ट करा.’ बहुतेकांनी दोन रकान्यांचे कोष्टक काढले. डावीकडे सत्ता, स्वार्थ, संघर्ष. उजवीकडे संस्था, सहकार्य, शांतता. गुण द्यावेच लागले. पुढच्या तासाला मी विचारले, ‘१९६० मध्ये भारत आणि पाकिस्तानने नद्या का वाटून घेतल्या?’ वर्ग गप्प. दोष मुलांचा नव्हता. मी व्याख्या शिकवल्या होत्या, वापर शिकवला नव्हता.

तेव्हापासून मी हा विषय उलट्या बाजूने शिकवतो. आधी एक घटना, मग तिच्यावर एकेक सिद्धान्त. या टिपणांत तीच पद्धत आहे. तुम्ही राज्यशास्त्राचे विद्यार्थी असा, स्पर्धा परीक्षेची तयारी करत असा किंवा केवळ कुतूहलापोटी वाचत असा, ती उपयोगी पडेल.

१. सिद्धान्त म्हणजे काय?

सिद्धान्त म्हणजे काय सोडून द्यायचे याचा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय. द्रवगतिकीत आपण बर्नूलीचे समीकरण शिकतो तेव्हा घर्षण शून्य धरतो. घर्षण असते हे ठाऊक असूनही धरतो, कारण त्यामुळे दाब आणि वेग यांचे नाते स्वच्छ दिसते. आखूड नळीत हे चालते. कित्येक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीत तेच गृहीतक धरले तर शेवटच्या गावाला पाणी पोचणार नाही. समीकरण खोटे ठरत नाही, त्याची मर्यादा कळते.

आंतरराष्ट्रीय सिद्धान्तांचेही असेच आहे. म्हणून प्रत्येक सिद्धान्ताला चार प्रश्न विचारा.

अ) यात मुख्य कर्ता कोण? राज्य, संस्था, वर्ग की व्यक्ती?
आ) त्या कर्त्याला काय हवे आहे?
इ) घटना घडण्याचे कारण कोणते?
ई) काय घडले असते तर हा सिद्धान्त चुकला असे म्हणता आले असते?

चौथा प्रश्न बहुतेक विद्यार्थी टाळतात. खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

२. घटना

फाळणीने पंजाबमधील कालव्यांचे जाळे दुभंगले. काही कालव्यांची शीर्षकामे भारतात राहिली आणि त्यांवर भिजणारी शेती पाकिस्तानात गेली. तात्पुरता करार ३१ मार्च १९४८ ला संपला आणि १ एप्रिलला पूर्व पंजाबने पाणी बंद केले. मे महिन्यात दिल्लीत समझोता होऊन पाणी पुन्हा सुरू झाले, पण भीती राहिली. १९५१ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी प्रमुख डेव्हिड लिलिएन्थाल यांनी सुचवले, की हा प्रश्न राजकारणापासून वेगळा काढून अभियंत्यांकडे द्यावा. जागतिक बँकेचे अध्यक्ष युजीन ब्लॅक यांनी ती कल्पना उचलली. जवळजवळ नऊ वर्षांच्या वाटाघाटींनंतर १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या.

रावी, बियास, सतलज या पूर्वेकडील नद्या भारताला मिळाल्या. सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडील नद्यांचे पाणी मुख्यतः पाकिस्तानला. पश्चिमेकडील नद्यांवर भारताला ठरावीक मर्यादेत सिंचन, साठवण आणि प्रवाही जलविद्युत प्रकल्प करता येतात. पाकिस्तानने पर्यायी कालवे व धरणे बांधावीत म्हणून भारताने सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. दोन्ही देशांचा एकेक आयुक्त असलेला स्थायी सिंधू आयोग नेमला गेला. १९६५, १९७१ आणि १९९९ चे संघर्ष झाले, तरी करार टिकला. १९६५ च्या युद्धानंतरही भारताचे हप्ते जात राहिले.

कोडे असे आहे: वरच्या अंगाला असलेल्या, आकाराने मोठ्या देशाने खोऱ्यातील सुमारे चार पंचमांश पाणी खालच्या देशाला का दिले? आणि युद्ध सुरू असतानाही करार का मोडला नाही?

३. वास्तववाद

वास्तववाद सुरू होतो ‘अराजकते’पासून. इथे अराजकता म्हणजे गोंधळ नव्हे. राज्यांच्या वर कुठलेही सरकार नसणे. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र भांडले तेव्हा १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याचा निवाडा बंधनकारक झाला. सिंधूच्या बाबतीत असा वरचा हात नव्हता. जागतिक बँक मध्यस्थ होती, न्यायाधीश नव्हती.

हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये राष्ट्रहिताची व्याख्या सत्तेच्या भाषेत केली. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये भर मानवी स्वभावावरून व्यवस्थेच्या रचनेवर आणला: राज्ये वाईट असतात म्हणून भांडत नाहीत, वाचवायला कोणी नसते म्हणून सावध राहतात. एकाने संरक्षणासाठी उचललेले पाऊल दुसऱ्याला हल्ल्याची तयारी वाटते. याला सुरक्षा-पेच म्हणतात. वरच्या देशाने बांधलेले प्रत्येक धरण खालच्या देशाला असेच दिसते.

मग करार का झाला? वास्तववादी म्हणेल: भारताने हिशेब केला. भाक्रा धरण आणि राजस्थान कालव्यासाठी पूर्वेकडील नद्या पूर्णपणे मोकळ्या हव्या होत्या. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची टंचाई होती आणि जागतिक बँकेची मदत लागणार होती. पाकिस्तान त्या वेळी अमेरिकेच्या लष्करी गटात होता.

युद्धातही करार का टिकला? इथे वास्तववादाचे उत्तर आम्हा अभियंत्यांना विशेष पटते. सिंधू, झेलम, चिनाबचे पाणी अडवायला किंवा वळवायला पुरेसे साठे आणि बोगदे भारताकडे नव्हतेच. जी गोष्ट करता येत नाही ती न करणे म्हणजे संयम नव्हे. या उत्तरातून कसोटीही मिळते: बांधकामाची क्षमता वाढेल तसा करार सैल व्हायला हवा.

सोडून काय दिले? नऊ वर्षांची चिकाटी आणि युद्धानंतरही गेलेले हप्ते. पैसे थांबवण्याची क्षमता तर भारताकडे नक्की होती.

४. उदारमतवाद

उदारमतवाद म्हणजे भाबडा आशावाद, हा गैरसमज सोडा. रॉबर्ट कोहेन यांनी १९८४ मध्ये वास्तववादाची बरीचशी गृहीतके मान्य करूनच प्रश्न विचारला: स्वार्थी राज्येसुद्धा सहकार्य का करतात? त्यांचे उत्तर संस्थांमध्ये आहे. संस्था माहिती पुरवतात, फसवणूक उघडी पाडतात, प्रत्येक वेळी नव्याने वाटाघाटी करण्याचा खर्च वाचवतात. आज पाळलेला शब्द उद्याच्या व्यवहारात उपयोगी पडतो.

सिंधू करार या चौकटीत नेमका बसतो. आयोगाने वर्षातून किमान एकदा भेटायचे, प्रवाहाच्या नोंदी एकमेकांना द्यायच्या, कामांची पाहणी करायची. वादाच्या पायऱ्या ठरलेल्या: आधी आयोग, मग तटस्थ तज्ज्ञ किंवा लवाद न्यायालय. चिनाबवरील बगलिहार प्रकल्पाचा वाद २००५ मध्ये तटस्थ तज्ज्ञाकडे गेला. २००७ च्या निर्णयात दरवाजे असलेला सांडवा मान्य झाला, पण वापराचा साठा आणि धरणाचा फ्रीबोर्ड थोडा कमी करायला सांगितले गेले. युद्धाचे कारण होऊ शकणारा वाद सांडव्याच्या उंचीवर आणि गाळाच्या हिशेबावर लढला गेला. उदारमतवाद्यांच्या मते संस्थेचे काम हेच.

सोडून काय दिले? संस्था ताण सहन करू शकली नाही तर काय, याचे उत्तर इथे कच्चे आहे. २०२२ मध्ये किशनगंगा व रातले प्रकल्पांच्या वादात जागतिक बँकेने तटस्थ तज्ज्ञ आणि लवाद न्यायालय या दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी सुरू केल्या. भारताने समांतर प्रक्रियेला हरकत घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये करारात बदलाची नोटीस दिली. वाद सोडवण्याची यंत्रणाच वादाचा विषय झाली.

५. रचनावाद

अलेक्झांडर वेन्ट यांनी १९९२ मध्ये मांडले, की अराजकतेचा अर्थ ठरलेला नसतो. राज्ये आपापल्या वागण्यातून तो घडवतात. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: ब्रिटनची पाचशे अण्वस्त्रे अमेरिकेला उत्तर कोरियाच्या पाचांपेक्षा कमी धोक्याची वाटतात. शस्त्रांची संख्या शंभरपट असूनही ‘ते कोण आहेत’ या समजुतीमुळे अर्थ बदलतो.

आता नदीकडे पाहा. लिलिएन्थाल यांच्या सूचनेचा गाभा असा होता, की पाण्याला ‘तांत्रिक विषय’ मानावे. करारानुसार आयुक्त सामान्यतः जलविज्ञान जाणणारा वरिष्ठ अभियंता असतो. सीमेच्या दोन्ही बाजूंचे अभियंते घनफूट प्रति सेकंदच्या एकाच भाषेत बोलत. रचनावादी म्हणेल: करार टिकला कारण नदीचा हा अर्थ टिकला. २०१६ च्या उरी हल्ल्यानंतर सार्वजनिक चर्चेत पाणी आणि दहशतवाद एका वाक्यात येऊ लागले. चिनाबच्या प्रवाहात त्या वर्षी काही मूलभूत बदल झाला नव्हता; तिच्याविषयी बोलण्याची भाषा बदलली.

सोडून काय दिले? अर्थ का आणि केव्हा बदलतो, हे रचनावाद आधी सांगू शकत नाही. बहुधा नंतर वर्णन करतो.

६. ज्यांचे नाव करारात नाही

वरचे तिन्ही सिद्धान्त ‘भारत’ आणि ‘पाकिस्तान’ ही दोन अखंड खोकी धरतात. मार्क्सवादी आणि चिकित्सक विचार ती उघडतो. रॉबर्ट कॉक्स यांनी १९८१ मध्ये बजावले होते, की सिद्धान्त नेहमी कोणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. इथे विचारा: पैसा कोणाचा, लाभ कोणाचा, किंमत कोणी मोजली? कराराच्या विकास निधीत अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा पैसा होता. झेलमवरील मंगला धरणामुळे मीरपूर भागातील लाखाच्या आसपास माणसे विस्थापित झाली. त्यांतील अनेक कुटुंबे ब्रिटनला गेली. जम्मू-काश्मीरच्या विधानसभेने २००२ मध्ये कराराच्या फेरविचाराची मागणी केली, कारण नद्या तिथून वाहत होत्या आणि मर्यादाही तिथेच लागू होत्या.

स्त्रीवादी अभ्यासक सिंथिया एन्लो यांचा प्रश्न साधा आहे: यात स्त्रिया कुठे आहेत? सह्यांच्या मेजावर नाहीत. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी कमी पडले की घरचे पाणी कोण आणते, हे पाहिले की त्या दिसू लागतात. ‘राष्ट्रीय हित’ मोजताना हे श्रम हिशेबात नसतात.

७. एप्रिल २०२५

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी भारताने करार स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. त्या आठवड्यात वर्गात मन लावून शिकणे अवघड होते, शिकवणेही. मुले संतापली होती, दुःखी होती. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मग शेवटी वास्तववाद बरोबर ठरला ना?’

मी फळ्यावर चारही सिद्धान्तांची उत्तरे लिहिली. वास्तववादी: करार हितापुरताच असतो. उदारमतवादी: संस्था आधीच कमकुवत झाली होती. रचनावादी: नदीचा अर्थ बदलून झाला होता. चिकित्सक: दोन्हीकडच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. घटना घडून गेल्यावर सगळ्यांकडे उत्तर तयार असते, आणि नेमक्या याच वेळी सावध राहायचे असते. म्हणून मी तिला चौथा प्रश्न परत विचारला: यांपैकी कोणी आधी काय सांगितले असते?

तिने आठवडाभराने एक पानाचा कागद आणला. वास्तववादाने क्षमता वाढेल तसा ताण वाढेल हे सांगितले असते, पण १९६५ नंतरचे हप्ते त्याला समजावता येत नाहीत. उदारमतवादाला ते हप्ते समजतात, पण २०२५ चा वेग समजत नाही. रचनावादाला २०१६ ची खूण दिसते, पण तारीख सांगता येत नाही. तिने ‘बरोबर कोण’ हे लिहिले नव्हते. प्रत्येक समीकरण कुठपर्यंत चालते हे लिहिले होते. राग तिचाही ओसरला नव्हता, पण तो राग आणि स्पष्टीकरण या दोन गोष्टी तिने वेगळ्या ठेवल्या होत्या. हा विषय शिकण्याचे कारण मला याहून चांगले सांगता येत नाही.

एक फरक मात्र विसरू नका. पोलाद आपल्यावरचे पुस्तक वाचत नाही. नेते, मुत्सद्दी आणि मतदार वाचतात. ‘राज्ये फक्त सत्तेसाठीच वागतात’ असे सर्वांना पटले, तर तसे वागणे वाढते. त्यामुळे इथला सिद्धान्त जगाचे वर्णन करता करता ते थोडे बदलतही असतो. वापरताना ही जबाबदारी लक्षात ठेवा.

सरावासाठी

१. कराराने भारताला मिळालेले तीन लाभ आणि सोडाव्या लागलेल्या तीन गोष्टी लिहा. प्रत्येकीसमोर ती कोणत्या सिद्धान्ताला सहज समजते ते नोंदवा.

२. भारत आणि बांगलादेश यांच्यातील १९९६ चा गंगा पाणीवाटप करार घेऊन वरील चार प्रश्नांची उत्तरे द्या. तो तीस वर्षांच्या मुदतीचा आहे. मुदत असणे हे संस्थेचे बळ की दुबळेपणा?

३. तुम्हाला सर्वांत पटलेला सिद्धान्त निवडा आणि तो चुकीचा ठरेल अशी एक संभाव्य घटना दोन वाक्यांत लिहा. लिहिता आली नाही, तर तो सिद्धान्त तुम्हाला अजून समजलेला नाही. त्याचे प्रकरण पुन्हा वाचा.