न उघडता दिसणारं संकेतस्थळ

हिंगोली जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळाचं छोटं चित्र एखाद्या यादीत दिसतं. ते कोणी बसून काढलेलं नसतं. हे काम स्क्रीनशॉट सेवा करते.

सेवेला पत्ता मिळाला की तिच्या सर्व्हरवर पडद्याविना चालणारा ब्राउझर सुरू होतो. क्रोममध्ये अशी सोय 2017 साली आली. हा ब्राउझर पानाचा मजकूर, मांडणी, चित्रं, फॉन्ट आणि जावास्क्रिप्ट मागवतो आणि स्मृतीतच पान रंगवतो. घाई केली तर चित्रांच्या जागा कोऱ्या राहतात, म्हणून पान स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं. मग पानाचं, उदाहरणार्थ, 1280 बाय 720 बिंदूंचं चित्र टिपून ते 320 बाय 180 वर आणलं जातं. बिंदू सोळापट कमी होतात, फाईलही हलकी होते. ती साठवून ठेवतात, म्हणजे प्रत्येक वाचकासाठी पान नव्यानं उघडावं लागत नाही.

मराठी पानांची खरी अडचण फॉन्टची. पानाने स्वतःचा फॉन्ट दिला नसेल आणि सर्व्हरवरही देवनागरी फॉन्ट नसेल, तर अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटतात. शिवाय ‘हिंगोली’ लिहिताना संगणक आधी ‘ह’ साठवतो आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी. पण ती काढायची असते ‘ह’च्या आधी. ही जुळणी करणारी प्रणालीही लागते. नोटोसारखे मोफत देवनागरी फॉन्ट सर्व्हरवर बसवले की चौकोन जातात.

साठवलेलं चित्र जुनं असू शकतं. त्यामुळे शासकीय सूचना किंवा अर्जाची मुदत पाहायची असेल, तर चित्रावर विसंबू नका. मूळ पान उघडूनच खात्री करा.