टाकी २०० लिटरची, पण बोट जाणार किती लांब? डिझेल, पाणी आणि मैला टाकीचं सोपं गणित

फोनची बॅटरी २० टक्क्यांवर आली की आपण लगेच ब्राइटनेस कमी करतो. पण चारही बाजूंनी पाणी असलेल्या बोटीत इंधन २० टक्क्यांवर आलं, तर काय कराल? तिथे चार्जर नसतो, पॉवर बँक नसते आणि बऱ्याचदा रेंजही नसते.

मला हा प्रश्न पडला तो मणिबेलीला. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठावरचं हे गाव. सरदार सरोवराच्या पाण्याचा फटका सगळ्यात आधी बसलेलं महाराष्ट्रातलं गाव म्हणून ते ओळखलं जातं. आजही नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांसाठी बोट हाच रस्ता आहे. दवाखाना, बाजार, रेशन, सगळं पाण्यावरून.

आम्ही सातआठ जण बोटीत होतो. अर्ध्या वाटेत नावाडी दादांनी डिझेलच्या कॅनमध्ये काठी बुडवली आणि वर काढून पाहिली.

"दादा, किती उरलंय?" मी विचारलं.

"चार बोटं."

"पुरेल?"

"हळू नेलं तर पुरेल, भाऊ."

त्यांनी इंजिनाचा वेग कमी केला आणि आम्ही उशिरा, पण नीट पोहोचलो. मी इंजिनिअर असूनही तेव्हा मला कळलं नव्हतं, की या दोन वाक्यांत बोटीच्या टाकीचं निम्मं गणित आहे. पुढे शिडाच्या क्रूझिंग बोटींबद्दल, म्हणजे ज्यांत लोक आठवडे-महिने राहून समुद्र फिरतात त्यांच्याबद्दल वाचायला लागलो, तेव्हा ते गणित उलगडलं.

बोटीत टाक्या किती?

मुख्य टाक्या तीन. पहिली डिझेलची, दुसरी गोड्या पाण्याची आणि तिसरी मैला साठवायची, तिला होल्डिंग टँक म्हणतात. ३८ ते ४० फुटांच्या बोटीत साधारण १५० ते २०० लिटर डिझेल, ३०० ते ४०० लिटर पाणी आणि ४० ते १०० लिटरची मैला टाकी असते. बोटीनुसार आकडे बदलतात.

शिडाची बोट वाऱ्यावर चालते, मग डिझेल कशाला? बंदरात शिरताना-निघताना, वारा पडल्यावर आणि बॅटरी चार्ज करायला. म्हणून कारच्या मानाने वापर कमी असतो, पण पंप मात्र शेकडो किलोमीटर लांब असू शकतो.

१) डिझेल : टाकीवरचा आकडा खरा नसतो

१२८ जीबीचा फोन घेतला तरी सगळी जागा आपल्याला मिळत नाही, काही सिस्टीमच खाते. टाकीचंही तसंच. डिझेल ओढणारी नळी तळापर्यंत जात नाही, कारण तळाशी गाळ आणि पाणी साचतं. त्यात बोट वाऱ्याने कलली की डिझेल एका बाजूला जातं आणि नळी हवा ओढते. हवा गेली की इंजिन बंद. म्हणून तळाचं १० टक्के डिझेल नाहीच असं धरायचं.

२०० लिटरचे राहिले १८० लिटर. आता जुन्या दर्यावर्दींचा नियम लावा : एक भाग जायला, एक यायला, एक अडचणीला. म्हणजे खर्चायला १२० लिटर. इंजिन तासाला ३ लिटर पीत असेल, तर ४० तास. ५ नॉट वेगाने २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. आणि हे जाऊन-येऊन, बरं का!

आता नावाडी दादांच्या "हळू नेलं तर" कडे या. पाणी हवेपेक्षा खूप दाट असल्यामुळे वेग वाढला की पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ६ वरून ५ नॉटवर आणला, तर तासाचं डिझेल सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. वेळ जास्त लागतो, तरी तेवढ्याच अंतराला जवळपास ३० टक्के डिझेल वाचतं. फोनच्या लो पॉवर मोडचं हेच तत्त्व.

काटा फसवतो, काठी नाही

बोटीच्या तळाला बसावी म्हणून टाकी बऱ्याचदा इंग्रजी 'व्ही'सारखी, खाली निमुळती असते. अशा टाकीत अर्ध्या उंचीपर्यंत डिझेल असेल, तर ते अर्धं नसतं, फक्त पाव असतं! काटा मात्र उंची मोजून ५० टक्के दाखवतो.

उपाय सोपा आहे. रिकाम्या टाकीत १०-१० लिटर ओता आणि दर वेळी काठीवर खूण करा. याला आम्ही सॉफ्टवेअरवाले कॅलिब्रेशन म्हणतो. नावाडी दादा त्याला "बोटं" म्हणतात.

२) पाणी : सगळ्यात जड सामान

१ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ४०० लिटर भरले की ४०० किलो वजन, म्हणजे पाचसहा माणसं जास्तीची बसल्यासारखंच. हे वजन टाकीत हेलकावे खातं आणि बोट डोलवतं, म्हणून टाकीच्या आत भोकं पाडलेल्या आडभिंती बसवतात.

किती दिवस पुरेल? पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज ४ लिटर धरा. चौघांना १६ लिटर. ३६० लिटर वापरता आले तर २२ दिवस. पण घरच्यासारखी आंघोळ सुरू केली आणि माणशी २० लिटर लागले, तर साडेचार दिवसांत खेळ खल्लास.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची बोट बांधली गेली. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. ते वाटेत चार बंदरांत थांबले होते. त्यानंतर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता मार्च २०१३ अखेर परतले. सुमारे १५० दिवस! वरच्याच हिशोबाने एका माणसाला ६०० लिटर पाणी लागतं, तेही आंघोळ न धरता.

आज अनेक बोटींवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं. घरच्या आरओसारखंच, पण दाब प्रचंड, ५५ बारच्या आसपास. चांगल्या यंत्राला लिटरमागे साधारण ४ वॉट-तास वीज लागते. तुमच्या ५००० एमएएचच्या फोनमध्ये १९ वॉट-तास असतात. म्हणजे एका फुल चार्जमध्ये पाचेक लिटर गोडं पाणी! पण यंत्र कधीही बंद पडू शकतं, म्हणून टाकी भरलेली ठेवावीच लागते.

३) मैला टाकी : उलटी चालणारी बॅटरी

बाकीच्या टाक्या रिकाम्या होतात, ही भरत जाते. आणि बोट घेताना हिच्याकडे कोणी बघत नाही.

चौघं जण, दिवसातून पाचेक वेळा फ्लश, दर वेळी २ लिटर : रोजचे ४० लिटर. ८० लिटरच्या टाकीत थोडी जागा राखली, तर दीड दिवसात टाकी भरली! म्हणजे डिझेल ४० तासांचं, पाणी २२ दिवसांचं आणि मैला टाकी दीड दिवसाची. सगळ्यात आधी जी टाकी संपते किंवा भरते, तीच तुमच्या बोटीची खरी क्षमता.

मग समुद्रात सोडायचं का? मोठ्या जहाजांसाठी मार्पोल नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे : प्रक्रिया न केलेला मैला जवळच्या जमिनीपासून १२ सागरी मैलांच्या पलीकडेच, तोही जहाज चालू असताना हळूहळू सोडायचा. छोट्या बोटींसाठी देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, पण अंतर ठेवण्यामागचं कारण तेच आहे.

आता हाच नियम घेऊन मणिबेलीला परत या. १२ सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर. सरदार सरोवर २१४ किलोमीटर लांब आहे, पण सरासरी रुंदी फक्त १.७७ किलोमीटर आणि जास्तीत जास्त १६ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तुम्ही अगदी मधोमध गेलात, तरी किनारा ८ किलोमीटरवर! या अख्ख्या जलाशयात मैला सोडण्याइतकी लांब जागा एकही नाही.

आणि हे पाणी खारं नाही. ते काठावरच्या लोकांचं, गुरांचं आहे, आणि कालव्यांतून गुजरात-राजस्थानातल्या नळांना जातं. उद्या जलाशयावर संडास असलेल्या मोठ्या पर्यटन बोटी वाढल्या, तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : मैला टाकी किती लिटरची आणि ती रिकामी कुठे करणार? काठावर उपसून घ्यायची सोय नसेल, तर टाकी असून नसल्यासारखीच.

बोटीत बसण्याआधी हे विचारा

- डिझेल किती आहे आणि परत यायला पुरून वर एक तृतीयांश उरेल का?
- माणशी पिण्याचं पाणी किती? एका दिवसाचं जास्तीचं आहे का?
- संडास असेल तर त्याचं पाणी कुठे जातं?

शहरात हे प्रश्न किचकट वाटतात. पण ज्या पाड्यावरून बाळंतीण रात्री बोटीनेच दवाखान्यात न्यावी लागते, तिथे कॅनमधलं "चार बोटं" डिझेल हा नुसता आकडा नसतो. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी टाकी किती लिटरची ते सांगितलं, तर लगेच विचारा : त्यातलं वापरता येणारं किती, रोज लागणार किती आणि राखीव किती?