थंडीत गॅस मंदावतो तेव्हा

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला, की नाशिककरांची मळ्यावरची जेवणं ठरू लागतात. हुरड्यासाठी गोवऱ्यांची आगटी असतेच. पण पनीर, कणसं, चिकन भाजायला आता फार्महाउसवर आणि गच्चीवर गॅसची ग्रिल दिसते. तीन-चार बर्नर, वर जाळी, झाकण आणि शेजारी टाकी. ऐन गारठ्यात, सगळे ताटं घेऊन उभे असताना, तिची ज्योत मंदावते. मग जे उपाय सुरू होतात, त्यांची खरी भीती वाटते. कुणी टाकी आडवी करतं, कुणी तिच्यावर उकळतं पाणी ओततं, कुणी खाली निखारे सरकवतं.

ज्योत का मंदावली हे कळलं, तर यातलं काहीच करावंसं वाटणार नाही. टाकीत गॅस द्रवरूपात असतो. प्रोपेन आणि ब्युटेन यांचं ते मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांलाही उकळतो, ब्युटेनचा उत्कलनबिंदू मात्र शून्याच्या किंचित खाली आहे. म्हणून प्रोपेन आधी जास्त उडून जातो आणि टाकी संपत आली की तळाशी बहुतांश ब्युटेन राहतो. शिवाय द्रवाचा वायू होताना लागणारी उष्णता टाकीतूनच घेतली जाते. सगळे बर्नर एकदम मोठे ठेवले की टाकी बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडते, तिच्या अंगावर पाणी सुटतं. गॅस शिल्लक असतो, पण त्याला बाहेर ढकलणारा दाब उरत नाही. ‘गॅस कमी भरला’ हा संशय अनेकदा इथूनच येतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. घरगुती भरलेल्या टाकीत त्यापेक्षा १४.२ किलो जास्त हवेत. काट्यावर ठेवा, शंका मिटेल.

उपाय साधा आहे. एक-दोन बर्नर बंद करा आणि थोडा वेळ थांबा, नाहीतर दुसरी टाकी लावा. टाकी आडवी केली तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो. एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू होतो, तेव्हा बर्नरवर केवढा भडका उठेल याची कल्पना करा. आणि आच देऊन टाकीतला दाब वाढवणं म्हणजे तो आपल्या हातात राहू न देणं.

थंडी नसतानाही ज्योत बिघडते. निळ्याऐवजी पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसली की बर्नरला हवा पुरत नाही असं समजावं. वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या ग्रिलच्या बर्नरनळीत कोळी जाळं विणतो. मग गॅस पुढे न जाता मागेच पेटू शकतो आणि ज्योत नॉबच्या बाजूला येते. हंगामातल्या पहिल्या वापराआधी नळ्या काढून बारीक ब्रशनं साफ कराव्यात. मळ्यावरच्या खोलीत उंदीर असतातच, म्हणून रबरी पाइप पूर्ण हातावरून फिरवून पाहावा. नारिंगी सुरक्षा पाइपही पाच वर्षांनी बदलायचा असतो.

सर्वांत जास्त जपायचं ते पेटवताना. झाकण उघडल्याशिवाय गॅस सोडू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं बंद ग्रिलच्या तळाशी साचतो आणि लायटरच्या एका ठिणगीसरशी झाकण तोंडावर उडू शकतं. पहिल्या प्रयत्नात पेटली नाही किंवा वाऱ्यानं विझली, तर नॉब बंद करून, झाकण उघडंच ठेवून पाच मिनिटं थांबावं. तळाची भोकं तेल पडू नये म्हणून फॉइलनं बुजवण्याची सवय वाईट. गॅस निघून जायची वाट तीच. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत तर ग्रिल नकोच, तिथे कार्बन मोनॉक्साइडही साचतो आणि त्याला वास नसतो.

गॅसचा वास मात्र येतो, कारण त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. वास आला की टाकी बंद करावी, विजेचं बटण चालू-बंद काहीही करू नये, दारं उघडावीत, बाहेर पडावं आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. गळती काडी पेटवून शोधणारे आजही भेटतात. साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवतो.

मॅरिनेशनचं तेल पेटलं तर पाणी मारू नये, जळतं तेल उडतं. सुरक्षितपणे हात पोचत असेल तर गॅस बंद करून झाकण लावावं. वर कोरडी माती टाकली तरी चालते, आणि मळ्यात ती हाताशीच असते.

नाशिकच्या काही भागांत आता पाइपगॅस आला आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, आणि त्याच्या जेटचं भोक एलपीजीच्या जेटपेक्षा मोठं असतं. टाकीवरची ग्रिल तशीच पाइपला जोडली तर ज्योत मरतुकडी राहते. पाइपगॅसची शेगडी टाकीवर लावली तर ज्योत बेफाम वाढते. जेट बदलायचं काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावं.