खंजेरी जुनी चांगली की नवी? (भागाचं लेखी रूप)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे गाळलेत.

झालं असं, की अकोल्याजवळच्या एका गावात खंजेरी भजन स्पर्धा होती. मी मूळचा अमरावतीचा, पोटासाठी पुण्यात कोड लिहितो. सुटीवर होतो म्हणून माईक घेऊन गेलो, रात्रभर रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन फाईल आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली आणि कौतुकाने आबाजींना ऐकवली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "गानं तं हाय बाप्पा, पन खंजेरी कुठी गेली?"

खरंच गेली होती. खंजेरी म्हणजे लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांमधे पितळी झांजांच्या जोड्या. कातड्यावर बोट पडतं तो ठेका, आणि मनगट हलतं ती सळसळ. ही सळसळ गाण्याच्या आवाजापेक्षा बरीच वरच्या पट्टीतली आणि जवळपास अखंड चालणारी. सॉफ्टवेअरला अखंड सळसळ म्हणजे पंख्याचा आवाज वाटतो. त्याने ती पुसून टाकली.

आता गंमत बघा. स्टेजवर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले की थोड्याफार फरकाने हेच होतं. ऑक्टोपॅडमधल्या झांजेचा आवाज त्याच पट्टीत येतो, आणि लाऊडस्पीकरमधून आला की हातातली खंजेरी त्याखाली दबते. दिसते, पण ऐकू येत नाही. जुन्या मंडळींची तक्रार 'आमच्या काळी' छापाची वाटते खरी, पण निम्मी तरी ती कानाची तक्रार आहे.

उरलेली निम्मी मात्र मला पटत नाही. "पोट्टे पिक्चरच्या चाली लावून रायले," असं आबाजी म्हणतात. मी त्यांची भजनाची वही काढली. चौथ्या पानावर, त्यांच्याच अक्षरात: 'चाल – नागिन पिक्चर'. म्हणजे १९५४! यावर आबाजी म्हणाले, "ते गानं चांगलं होतं बे." विषय संपला.

आणि 'पारंपरिक' तरी किती जुनं? खंजेरी जुनीच, पण आज वऱ्हाडात आपण जिला खंजेरी भजन म्हणतो तिच्यावर ठसा तुकडोजी महाराजांचा. जन्म १९०९, यावली. गुरुकुंज आश्रम मोझरीला, १९३५. भजनात त्यांनी ग्रामसफाई आणली, व्यसनमुक्ती आणली, देशाचं स्वातंत्र्य आणलं. १९४२ साली इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. देवाच्या भजनात गावच्या नालीचा विषय, हे तेव्हाच्या काही कानांना आजच्या कीबोर्डइतकंच खटकलं असणार, असा माझा अंदाज.

हेच भांडण सातासमुद्रापार जसंच्या तसं सापडतं. अमेरिकेत ब्लूग्रास नावाचं संगीत आहे: बँजो, मेंडोलिन, फिडल, गिटार आणि उभा बास, बिनविजेची वाद्यं. केंटकीच्या बिल मन्रोने ते घडवलं. १९४५ च्या डिसेंबरमधे अर्ल स्क्रग्ज त्याच्या बँडमधे आला आणि तीन बोटांनी बँजो वाजवू लागला, ते लोकांना भलतंच नवं वाटलं. पुढे १९७१ साली न्यू ग्रास रिव्हायव्हल बँड निघाला, लांब केसांचे पोट्टे, रॉकची गाणी. तेव्हा जुने रसिक स्क्रग्जचं वाजवणं हीच परंपरा धरून बसले होते! त्यांची एक रीत मला फार आवडते. सगळे एकाच माईकभोवती उभे राहतात. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे मागे. मिक्सर नाही, पायानेच मिक्सिंग.

आमच्या मंडळाला हे हवंय, कारण भांडण आता गमतीचं राहिलेलं नाही. बारा जणांतले सात साठीपुढचे. ऑक्टोपॅडवाली दोन पोरं म्हणाली, "पॅड बंद तं आम्ही बी बंद." पोरं गेली तर कोरस कोण ओढणार? उलट पॅड असंच राहिलं तर आबाजी घरी बसणार, आणि चाली त्यांनाच येतात. प्लास्टिकच्या खंजेरीवरून असाच वाद झाला होता. पण पावसाळ्यात कातडं सैल पडतं, शेकोटीवर तापवत बसावं लागतं. प्लास्टिकला ती कटकट नाही. सगळ्यांनी मुकाट्याने घेतली.

म्हणून मागच्या रविवारी देवळात एकच माईक लावला. पॅडचा स्पीकर ओट्याखाली, त्यातली झांज बंद, फक्त ढोलकीचा आवाज चालू. पहिली दोन भजनं पार फसली, कारण पुढे-मागे सरकायचं कुणालाच सुचेना. आबाजी तर माईक सोडायलाच तयार नाहीत. तिसऱ्याला जमलं. पोरं म्हणाली पुढच्या रविवारी बघू. आबाजी काही बोलले नाहीत, पण खंजेरी घरी न नेता देवळातच खुंटीला अडकवून आले.

ते तिसरं भजन भागाच्या शेवटी जोडलंय, काहीही साफ न करता. इअरफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर सळसळ नीट कळत नाही. मधे एक कुत्रं भुंकतं, तेही राहू दिलंय.